पानावरची लव: पिकाचे चिलखत, मित्रकीटकांची अडचण

थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चालत गेले, की पायांची चुरचुर होते. पायांवर दव असते, पण ते साध्या पाण्याचे नसते. जिभेला लावले तर कडक आंबट लागते. ही हरभऱ्याची आंब. जुन्या काळी स्वच्छ धुतलेले पांढरे फडके रात्री हरभऱ्यावर पसरून ठेवत, पहाटे ओले झालेले फडके पिळून आंब बाटलीत भरून ठेवत आणि घरात कुणाला अजीर्ण झाले, पोटात दुखू लागले, की तिचे काही थेंब पाण्यातून देत. अनेक घरांत आजही ही बाटली सापडते.

हरभऱ्याचे झाड ही आंब माणसाच्या पोटासाठी तयार करत नाही. हरभऱ्याचे पान भिंगाखाली धरले, तर पानावर, देठावर आणि घाट्यावर बारीक लव दिसते. यातल्या बऱ्याच केसांच्या टोकाला एक गोल ग्रंथी असते आणि तिच्यातून आम्लाचा थेंब पाझरतो. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्ले असतात. हरभऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घाटे अळी. या अळीपुढे झाडाने उभे केलेले हे पहिले कुंपण. सुरुवातीला संशोधकांनी याचे श्रेय मॅलिक आम्लाला दिले होते. पुढे १९९० च्या दशकात हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेत झालेल्या प्रयोगांतून दिसले, की अळीची वाढ खुंटवणारे खरे द्रव्य ऑक्झॅलिक आम्ल आहे. आंब अळीला मारत नाही. मात्र ती खाल्ल्याने अळी सावकाश वाढते, लहान राहते.

मग असा प्रश्न पडतो, की लव इतकी उपयोगी असेल, तर प्रत्येक पीक जास्तीत जास्त लवदार का करू नये? फवारणीचा खर्च वाचेल आणि फवारणी करणाऱ्याच्या अंगात जाणारे विषही वाचेल. हा विचार शंभर वर्षांपूर्वीच प्रत्यक्षात आणून पाहिला गेला. त्यातून जे कळले, ते शेतकऱ्याने जितके समजून घ्यावे, तितकेच त्याने पिकवलेले खाणाऱ्यानेही समजून घ्यावे असे आहे.

लव म्हणजे काय?

वनस्पतीच्या अंगावरील केसांना शास्त्रात ‘ट्रायकोम’ म्हणतात. माणसाच्या केसाशी त्याचे नाते फक्त दिसण्यापुरते. हे केस पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींचीच वाढ असतात. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. काही केस साधे असतात. ते सुईसारखे सरळ, आकड्यासारखे वाकलेले किंवा चांदणीसारखे फुटलेले असू शकतात. भेंडी तोडताना हाताला टोचतात, काकडीच्या वेलाला हात लावताच खरखरतात, ते या जातीचे. दुसरा प्रकार ग्रंथी असलेल्या केसांचा. त्यांच्या टोकाशी चिकट, आंबट, उग्र वासाचे किंवा विषारी द्रव्य साठलेले असते. टोमॅटोच्या रोपाला हात लावला, की बोटांना हिरवट-पिवळा डाग पडतो आणि उग्र वास येतो, तो याच केसांचा.

माणसाला जी लव जेमतेम जाणवते, ती किडीला मात्र जंगलासारखी असते. मावा, तुडतुडा, पांढरी माशी यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची. त्यांच्या दृष्टीने पानावरचा प्रत्येक केस हा अंगाएवढा किंवा त्याहून उंच खांब. अशा खांबांच्या गर्दीतून वाट काढत पानाच्या पृष्ठभागापर्यंत पोचायचे, सोंड टोचायची, अंडी घालायची, हे सोपे काम नव्हे. राजमा ज्या जातीचा, त्या घेवड्याच्या पानावर तर सूक्ष्म आकडे असतात. त्यांत अडकून तुडतुड्यांची पिल्ले मरतात, हे अमेरिकेत १९७० च्या दशकात दिसून आले. बाल्कन देशांत पूर्वी घरात ढेकूण झाले, की रात्री जमिनीवर घेवड्याची पाने पसरत आणि सकाळी पानांना चिकटलेल्या ढेकणांसह ती जाळून टाकत. हे आकडे ढेकणाच्या पायांत घुसतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले.

कपाशीचा धडा

लवेचा पहिला मोठा उपयोग झाला तो कपाशीत. १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत कपाशीची लागवड तुडतुड्यांमुळे अडचणीत आली होती. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लालसर होऊन वळतात आणि शेवटी झाड भाजल्यासारखे दिसते. बार्बर्टन येथील संशोधन केंद्रात एफ. आर. पार्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, की ज्या झाडांची पाने लवदार आहेत ती तग धरतात. तुडतुड्याची मादी पानाच्या शिरांमध्ये अंडी खुपसते. लव दाट आणि लांब असेल, तर तिला शिरेपर्यंत पोचताच येत नाही. अशा झाडांतून निवड करत त्यांनी ‘यू ४’ हा वाण तयार केला आणि आफ्रिकेच्या त्या भागात कपाशी पुन्हा उभी राहिली. भारतातही तुडतुड्यांना तोंड देणारे अमेरिकन कपाशीचे वाण निवडताना लव हीच मोठी खूण ठरली. आज आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या या कपाशीच्या शास्त्रीय नावातील ‘हिर्सुटम’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘केसाळ’.

पण कपाशीवर तुडतुडे ही एकच कीड नसते. लवदार पानावर पांढरी माशी अधिक रमते. केसांच्या आडोशाने तिच्या अंड्यांना आणि पिल्लांना आसरा मिळतो. बोंडअळीच्या पतंगालाही गुळगुळीत पानापेक्षा लवदार पानावर अंडी घालणे अधिक पसंत पडते. तिथे पायांना पकड मिळते. म्हणूनच अमेरिकेत बोंडअळीचा त्रास कमी करण्यासाठी संशोधकांनी नेमकी उलटी वाट धरली आणि गुळगुळीत पानांची कपाशी तयार करून पाहिली. तिच्यावर बोंडअळीची अंडी कमी पडली, पण तुडतुड्यांना मोकळे रान मिळण्याचा धोका वाढला. एकाच लवेचा एका किडीवर गुण येतो, तर दुसऱ्या किडीच्या बाबतीत ती अपाय करते. औषधाचा परिणाम आणि दुष्परिणाम यांची जी जोडी रुग्णालयात रोज दिसते, तीच येथे पानावर दिसते.

मित्रांची वाट अडते तेव्हा

हिशेब इथे संपत नाही. शेतात किडींच्या मागावर असणारी मोठी फौज असते. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. क्रायसोपाची अळी मावा, तुडतुड्यांची पिल्ले, बोंडअळीची अंडी असे जे मिळेल ते खाते. ट्रायकोग्रामा ही परोपजीवी माशी तर जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. ती बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते आणि अळी जन्मण्याआधीच संपते. या माशीची पैदास प्रयोगशाळेत करून ती शेतकऱ्यांना ‘ट्रायकोकार्ड’च्या रूपाने दिली जाते. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खाली टाचायच्या, की त्यांतून माश्या बाहेर पडतात आणि अंडी शोधत पानोपान हिंडतात.

हिंडतात म्हणजे बहुतेक वेळ चालतात, आणि लवेची अडचण इथेच येते. कपाशीवर झालेल्या प्रयोगांत दाट लवेच्या वाणांवर क्रायसोपाच्या अळ्यांनी कमी अंडी खाल्ली आणि ट्रायकोग्रामानेही कमी अंड्यांत शिरकाव केला. किडीसाठी उभे केलेले कुंपण पहारेकऱ्यालाही आडवे आले.

हरभऱ्यात तर ही अडचण टोकाला जाते. घाटे अळीची अंडी हरभऱ्यावर भरपूर असली, तरी ट्रायकोग्रामा तिथे जवळपास निकामी ठरते. इवल्याशा माशीला आंबेच्या थेंबांतून वाट काढणे जमत नाही. ‘इक्रिसॅट’च्याच शास्त्रज्ञांनी ज्वारी आणि तूर या आपल्या जुन्या जोडपिकात तुलना केली. ज्वारीवरची घाटे अळीची अंडी ट्रायकोग्रामाला सहज सापडली. तुरीवर मात्र अंड्यांतील परोपजीवींचे प्रमाण फारच कमी राहिले. तुरीच्या शेंगांवर आणि कळ्यांवर लांब व चिकट केस असतात, त्यांत माशी अडकते. एकाच शेतातील दोन ओळी, एकच कीड, एकच मित्रकीटक. तरीही झाडाच्या अंगावरची लव बदलली की निकाल बदलतो.

सगळेच मित्र मात्र असे अडत नाहीत. घाटे अळीच्या लहान अळ्यांमध्ये अंडी घालणारी कॅम्पोलेटिस ही माशी ट्रायकोग्रामाहून कितीतरी मोठी आणि लांब पायांची असते. ती हरभऱ्यावर चांगले काम करते. हरभऱ्याच्या झाडावर मेलेल्या अळीशेजारी लहानसा कोष दिसला, तर तो बहुधा तिचाच असतो. बगळे, साळुंक्या, कोतवाल या पक्ष्यांना आंबेची फिकीर नसते. म्हणूनच हरभऱ्यात इंग्रजी ‘टी’ आकाराचे पक्षीथांबे लावण्याचा सल्ला कृषी विद्यापीठे देतात.

गोडी लावून पकडून देणारे झाड

काही झाडे तर लवेचाच उपयोग करून किडीच्या शत्रूला बोलावतात. अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात एक रानतंबाखू वाढते. तिच्या केसांवर साखरेपासून बनलेली चिकट द्रव्ये असतात. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली अळी पहिला घास म्हणून हे गोड केसच खाते. जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक संस्थेच्या अलेक्झांडर वाइनहोल्ड आणि इयन बाल्डविन यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की हा खाऊ पचल्यावर अळीच्या अंगाला आणि विष्ठेला एक विशिष्ट वास येऊ लागतो. त्या वासाचा माग काढत मुंग्या येतात आणि अळीला उचलून नेतात. झाडाने मुलाला गोळी द्यावी तशी गोडी लावली आणि त्याच गोडीने चोर पकडून दिला.

दुसरा दाखला कपाशीचाच आहे. अनेक झाडांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत केसांचे छोटे झुपके असतात. उपद्रवी कोळी किडी खाणाऱ्या शिकारी कोळ्यांना आणि लहान शिकारी कीटकांना हे झुपके म्हणजे आयती घरटी. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनुराग अग्रवाल आणि रिचर्ड कार्बन यांनी कपाशीच्या पानांच्या बेचक्यांत कापसाच्या तंतूंचे छोटे झुपके मुद्दाम चिकटवले. त्या झाडांवर शिकारी कीटकांची संख्या वाढली, उपद्रवी कोळी घटले आणि झाडांना बोंडेही अधिक लागली. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हणजे लव किती आहे यासोबत ती पानावर नेमकी कुठे आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

काकडीचा मध्यममार्ग

या गुंत्यातून वाट कशी काढायची, याचे एक चांगले उदाहरण नेदरलँड्समधील काकडीचे आहे. तिथे काचगृहांत काकडी पिकवतात आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त एन्कार्सिया नावाच्या इवल्या परोपजीवी माशीकडून करून घेतात. टोमॅटोवर हे काम बरे चालले, काकडीवर मात्र माशी कमी पडू लागली. वागेनिंगेन येथील जोप व्हान लेंटेरेन आणि सहकाऱ्यांनी पानावर चालणाऱ्या या माशीचे निरीक्षण केले, तेव्हा काकडीच्या खरखरीत केसांमुळे तिची चाल मंदावते हे लक्षात आले. शिवाय पांढऱ्या माशीने सोडलेला चिकट गोड स्राव केसांना लागलेला असतो. तो अंगाला माखला, की माशीचा बराचसा वेळ अंग साफ करण्यातच जातो.

मग पूर्ण बिनकेसांची काकडी घेऊन पाहिली. तिथे माशी इतक्या वेगाने पळू लागली, की पांढऱ्या माशीच्या पिल्लांवरून जाऊनही तिला त्यांचा पत्ता लागेना. शेवटी दोन्ही जातींचा संकर करून निम्म्या केसांची काकडी तयार केली. तिच्यावर माशीचा वेग शोधकामाला मानवणारा राहिला. लव ही फार नको आणि अगदी नाहीशीही नको. ती पिकाला, तिथल्या मुख्य किडीला आणि त्या किडीच्या शत्रूला पाहून ठरवायची.

पानापासून रुग्णालयापर्यंत

हा सगळा हिशेब चुकला, की शेवटी हाती फवारणीचा पंप येतो. महाराष्ट्राने त्याची किंमत २०१७ मध्ये मोजली. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बीटी कपाशीतील विष बोंडअळीच्या पोटात काम करते. तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठीची फवारणी सुटलेली नाही. त्यातच डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, उकाडा, अंगावर ना हातमोजे ना मुखपट्टी, आणि दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळण्याची सवय.

यातील ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके कीटकाच्या चेतासंस्थेतील जे विकर बंद पाडतात, तेच विकर माणसाच्या चेतासंस्थेतही असते. ते बंद पडले, की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, छातीत स्राव साठून श्वास कोंडतो, स्नायू फडफडतात. रुग्णालयात अॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले, तर प्राण वाचू शकतात. फवारणी करताना डोके गरगरले, दिसणे अंधूक झाले किंवा मळमळू लागले, तर काम तिथेच थांबवावे. त्या माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढून अंग, केस आणि नखे साबणाने धुवावीत. मदत करणाऱ्याने स्वतःच्या हातांना ते औषध लागू देऊ नये. ताक, दूध, मिठाचे पाणी असे काहीही पाजू नये. औषधाची बाटली किंवा तिच्यावरील लेबल सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. ‘घरी जाऊन जरा पडतो, बरे वाटेल,’ असे म्हणत गेलेले काही तास अनेकदा फार महाग पडतात.

कीटकनाशकाचा आणखी एक तोटा शेतात दिसतो. व्यापक परिणामाची कीटकनाशके लवेतून वाट काढत आलेल्या मित्रकीटकांनाही मारतात. त्यानंतर रस शोषणाऱ्या किडी पुन्हा वाढतात, तेव्हा त्यांना खाणारे कुणी उरलेले नसते आणि पुढची फवारणी आधीपेक्षा लवकर करावी लागते.

बियाणे घेण्याआधी आणि फवारणीआधी

शेतकऱ्याने करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. बियाणे घेताना बोंडाचा आकार विचारला जातो, तशीच त्या वाणाची तुडतुड्यांना सहनशीलता किती, हेही विचारावे. ज्या भागात तुडतुड्यांचा त्रास दरवर्षी असतो तिथे लवदार वाण फायद्याचा ठरतो. मात्र तिथे पांढऱ्या माशीवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते. नत्रखताचा मारा केला, की पाने लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या किडी वाढतात. तिथे वाणाचा गुण फारसा टिकत नाही.

आठवड्यातून एकदा शेतात फिरून पानांची खालची बाजू पाहावी. कपाशीत दर पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे, हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत रासायनिक फवारणीची घाई नको. ट्रायकोकार्डसारखा उपाय निवडताना तो कोणत्या पिकावर चालतो, हे कृषी सहायकाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्यावे. ज्वारीवर उपयोगी पडणारी माशी हरभऱ्यावर अडते. ती अपयशी ठरली, की ‘जैविक उपाय काही कामाचे नाहीत’ असा ग्रह होतो. प्रत्यक्षात तो उपाय चुकीच्या पानावर वापरलेला असतो.

शहरात राहणाऱ्यांसाठीही यात एक सांगणे आहे. हरभऱ्याची आंब ही फवारणी न झालेल्या शेतातलीच असावी. पानावर पडलेले कीटकनाशक दवाबरोबर त्याच फडक्यात उतरते आणि ते पिळून बाटलीत भरले जाते. तिच्यात ऑक्झॅलिक आम्लही असते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती घेऊ नये, आणि लहान मुलांना पोटदुखीवर देऊ नये. बाजारात ओल्या हरभऱ्याची जुडी घेतली, तर घाटे सोलण्याआधी ती वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावी. हाताला लागणारा तो चिकट आंबटपणा झाडाने आपल्या बचावासाठी केलेला असतो. त्यावर विषाचा थर चढवण्याची वेळ जितकी कमी येईल, तितके पिकवणाऱ्याचे आणि खाणाऱ्याचे भले.